चौसष्ट घरांची बेरीज

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हा वीस अंकी आकडा बहुतेकांना शाळेतच भेटलेला असतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत गेलं की चौसष्ट घरांत मिळून एवढे दाणे होतात. एवढं धान्य द्यायचं कबूल केलेला राजा खजील होतो, गोष्ट संपते आणि आकडाही तिथेच सोडून दिला जातो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. हा आकडा मोठा आहे ही त्याच्याबद्दलची सर्वांत साधी माहिती झाली. त्याहून मोठे आकडे हवे तेवढे लिहिता येतात. हा कशाचा बनला आहे ते पाहू लागलं, की पिंगळापासून गाउसपर्यंतचं कितीतरी गणित त्याच्यात गुंफलेलं सापडतं.

आधी बेरीज कशी होते ते पाहू. चौसष्ट संख्या एकीखाली एक मांडून मिळवत बसायची गरज नाही. पहिल्या घरात एक दाणा आहे, त्याच्या शेजारी आणखी एक जादा दाणा ठेवा. दोन झाले. त्यात दुसऱ्या घरातले दोन मिळवा, चार झाले. तिसऱ्यातले चार मिळवा, आठ झाले. प्रत्येक घरापाशी जमलेला ढीग बरोबर पुढच्या घराएवढा होत जातो. चौसष्टावं घर ओलांडलं की ढीग दोनाच्या चौसष्टाव्या घाताएवढा होतो आणि तो जादा दाणा परत काढून घेतला की उत्तर मिळतं. म्हणजे आपली संख्या दोनाच्या चौसष्टाव्या घातापेक्षा एकाने कमी आहे. तांदळाचे ग्रॅमला साधारण चाळीस दाणे धरले, तर हा ढीग सुमारे ४६,००० कोटी टनांचा होतो. साऱ्या जगात वर्षाकाठी पन्नासेक कोटी टन तांदूळ पिकतो. त्या हिशेबाने ही नऊशे वर्षांची बेगमी झाली.

मोठ्या संख्यांना नावं देण्यात आपले पूर्वज मागे नव्हते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या १८४ परार्धांच्या वर जाते. पटावरची बेरीज मोजता मोजता यादीतली नावं संपतात, आकडा संपत नाही.

गोष्टीचं मूळ भारतात सांगितलं जात असलं तरी ती लिहून ठेवली अरबी लेखकांनी. इब्न खल्लिकानच्या तेराव्या शतकातल्या ग्रंथात ती येते. त्याच्या आधी, इ. स. १००० च्या सुमारास, अल-बिरुनीने हा हिशेब मांडला होता. त्याची युक्ती अशी: कुठल्याही घरातल्या दाण्यांचा वर्ग केला, की पहिल्या घरापासून तेवढंच अंतर पुन्हा पुढे गेल्यावर जे घर येतं, त्यातले दाणे मिळतात. तिसऱ्या घरात चार दाणे. चारचा वर्ग सोळा, आणि सोळा दाणे आहेत पाचव्या घरात. अशा उड्या मारत गेलं, तर त्रेसष्ट वेळा दुप्पट करण्याचे श्रम वाचतात.

हीच युक्ती भारतात त्याच्या कितीतरी आधी माहीत होती, आणि ती आली होती छंदःशास्त्रातून. छंदःशास्त्रकार पिंगळाला प्रश्न पडला होता वृत्तांचा. चरणात ठरावीक अक्षरं असतील आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असेल, तर एकूण किती रचना होतील? अक्षर वाढलं की रचना दुप्पट होतात, म्हणून सहा अक्षरी चरणाच्या २ × २ × २ × २ × २ × २, म्हणजे ६४. पिंगळ मात्र सुटासुटा गुणाकार करत नाही. तो सांगतो की अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि विषम असेल तर एक वजा करा. शून्यापर्यंत पोचलात की त्याच वाटेने मागे फिरा. जिथे निम्मी केली होती तिथे वर्ग करा, आणि जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट करा.

चौसष्ट अक्षरांच्या चरणाला हा नियम लावून पाहा. चौसष्टाचे बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक, आणि मग शून्य. परत फिरताना एकदा दुप्पट आणि पुढे सलग सहा वेळा वर्ग. २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग केला की दोनाचा चौसष्टावा घात हातात येतो. ही शिडी इतकी स्वच्छ निघाली, कारण ६४ ही संख्या स्वतःच दोनाचा घात आहे. पटाला एक्क्याऐंशी घरं असती तर हे साधलं नसतं.

ज्या शिडीने चढलो तिनेच उतरायचं आहे. उतरताना मदतीला येतं ते आठवीतलं सूत्र: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. दोनाचा चौसष्टावा घात हा बत्तिसाव्या घाताचा वर्ग आहे आणि एक हा एकाचाच वर्ग आहे. म्हणून आपली संख्या ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५ यांच्या गुणाकाराएवढी आहे. यातल्या दुसऱ्या संख्येला तेच सूत्र पुन्हा लावता येतं, मग तिच्यातल्या धाकट्या संख्येला पुन्हा. शेवटी उरतं ते असं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

तीन आणि पाच तर नजरेलाच दिसतात. आपल्या संख्येचा शेवटचा अंक पाच आहे आणि वीसही अंकांची बेरीज ८७, तिला तीनाने भाग जातो. बाकीचे अवयव मात्र शिडीशिवाय शोधायला बसलो असतो तर कागदावर कागद भरले असते.

या सहा संख्या गणितात प्रसिद्ध आहेत. शिडीच्या प्रत्येक पायरीत एक मिळवला की त्या मिळतात, आणि त्यांना फर्मा संख्या म्हणतात. त्यांचे क्रमांक शून्यापासून देण्याचा प्रघात आहे: तीन ही शून्य क्रमांकाची, ६५,५३७ ही चौथी आणि दहा अंकी संख्या पाचवी. पिएर द फर्मा हा तुलूझ इथल्या न्यायसंस्थेत काम करणारा, फावल्या वेळात गणित करणारा माणूस. पहिल्या पाच संख्या मूळ संख्या आहेत हे त्याने पाहिलं, आणि या साखळीतली प्रत्येक संख्या मूळच असणार असं तो १६४० पासून मित्रांना पत्रांतून कळवत राहिला. सिद्धता आपल्याकडे नाही हे त्याने मान्य केलं होतं, पण विश्वास पक्का होता.

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितज्ञाने तरुण ऑयलरला पत्रातून विचारलं की फर्माचं हे म्हणणं ठाऊक आहे का. ऑयलर आधी फारसा गुंतला नाही. पण १७३२ मध्ये त्याने दाखवून दिलं की पाचव्या फर्मा संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो. तो ६४१ पर्यंत पोचला कसा, हे त्याने पुढच्या एका निबंधात उलगडलं. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून होणाराच असला पाहिजे, हे त्याने सिद्ध केलं होतं. मग शोध फारच आखूड होतो. ६५ आणि १२९ मूळ नाहीत म्हणून सोडायच्या. १९३ ने भागून पाहायचं, मग २५७, ४४९, ५७७, आणि पाचव्या प्रयत्नात ६४१. या युक्तीच्या मुळाशी फर्माचंच एक प्रमेय आहे. हातातलं हत्यार फर्माने स्वतःच्या या दाव्यावर चालवून पाहिलं असतं, तर निकाल तेव्हाच लागला असता.

६४१ चा भाग जातो हे भागाकार न करताही पटवता येतं, आणि ही मांडणी इतकी सुंदर आहे की ती इथे द्यायलाच हवी. ती ऑयलरनंतरच्या काळात रूढ झाली. ६४१ कडे दोन प्रकारे पाहा. एक, ६४१ = ५ × १२८ + १. दुसरं, ६४१ = ६२५ + १६. यातले १२८ म्हणजे दोनाचा सातवा घात, ६२५ पाचाचा चौथा आणि १६ दोनाचा चौथा. आता ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचाच विचार करू. ५ × १२८ हे ६४१ पेक्षा एकाने कमी, म्हणून त्याची बाकी ‘उणे एक’ धरायची. त्याचा चौथा घात केला की बाकी ‘अधिक एक’ होते. म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात, याची बाकी एक. पण पाचाचा चौथा घात म्हणजे ६२५, आणि दुसऱ्या मांडणीनुसार ६२५ च्या जागी ‘उणे १६’ घेता येतात. सोळा गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा घात म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात. तेव्हा उणे दोनाचा बत्तिसावा घात एक बाकी ठेवतो. त्यात एक मिळवलेली संख्या काहीच बाकी ठेवत नाही. पाच ओळींत काम झालं, आणि एवढी मोठी संख्या पूर्ण लिहावीही लागली नाही.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे. म्हणून आपल्या वीस अंकी संख्येचे मूळ अवयव एकूण सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकेकदाच येतो. एखादा विभाजक बनवताना या सातांपैकी प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, एवढेच पर्याय असतात. लघू-गुरूचा तोच हिशेब इथेही लागू पडतो, आणि विभाजकांची संख्या दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८ भरते.

सहा फर्मा संख्यांत एकही मूळ अवयव सामाईक नाही, हाही योगायोग नाही. आपल्या संख्येत दोन मिळवले की पुढची, सहावी फर्मा संख्या मिळते. मागच्या सगळ्यांचा गुणाकार पुढचीपेक्षा दोनानेच कमी, हे साखळीत कुठेही खरं असतं. मग मागच्या एखादीचा आणि पुढचीचा अवयव सामाईक असेल, तर त्याने दोनालाही भाग जायला हवा. पण या सगळ्या संख्या विषम. म्हणून प्रत्येक फर्मा संख्या नवा मूळ अवयव घेऊनच येते. साखळी अनंत आहे, तेव्हा मूळ संख्याही अनंत असल्या पाहिजेत. युक्लिडच्या प्रसिद्ध सिद्धतेनंतर दोन हजार वर्षांनी त्याच सत्याकडे जाणारी ही दुसरी वाट गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रात आहे.

फर्माचा दावा कोसळला म्हणून त्या पाच मूळ संख्या अडगळीत पडल्या नाहीत. १७९६ च्या मार्चमध्ये अठरा वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउसला दिसलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. ग्रीकांना तीन, पाच आणि पंधरा बाजूंच्या आकृत्या जमत होत्या. सात बाजूंची जमत नव्हती, आणि सतरा बाजूंचीही नाही. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गाउसने नियम दिला. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली की आकृती काढता येते. एरवी येत नाही, हा उलट भाग वांत्सेल या गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केला. आपली संख्या या कसोटीत नापास होते, कारण तिच्यात ६४१ आणि ६७,००,४१७ घुसले आहेत. शिडीची एक पायरी खाली उतरून ४,२९,४९,६७,२९५ घ्या, ती पास होते. पट्टी-कंपासने काढता येईल अशी आज माहीत असलेली सर्वांत मोठी विषम बाजूसंख्या हीच आहे. योहान हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात दहाएक वर्षं घालवली. ते हस्तलिखित ग्यॉटिंगेनला जपून ठेवलेलं आहे.

असे विषम बाजूंचे बहुभुज एकूण ३१ माहीत आहेत, आणि त्यांची यादी छंदःशास्त्राच्या एका तक्त्यात आपोआप उमटते. पिंगळावर भाष्य करताना हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्तार समजावून सांगितला. वर एक, खाली एक-एक, मग एक-दोन-एक, आणि पुढे प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. युरोपात याला पास्कलचा त्रिकोण म्हणतात. या मेरूत विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचा. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... पहिली ओळ सोडली तर बत्तिसाव्या ओळीपर्यंत ते ३१ बहुभुज क्रमाने हजर होतात. बत्तिसाव्या ओळीत सगळ्या संख्या विषम, म्हणून बत्तीस एक सलग येतात. चौसष्टाव्या ओळीत पुन्हा सगळ्या विषम, आणि ते चौसष्ट एक वाचले की पटावरची बेरीज होते. मला या सबंध विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. वृत्तं मोजण्यासाठी रचलेल्या तक्त्याला बहुभुजांची कसलीच कल्पना नव्हती.

सलग चौसष्ट एक, हेच या संख्येचं संगणकातलं रूप. आजच्या संगणकाचा प्रक्रियक एका वेळी चौसष्ट द्विमान अंक हाताळतो. त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे आपलीच. तिच्यात एक मिळवला की हातचा ठेवायला जागा उरत नाही आणि उत्तर शून्य येतं. ज्या संख्येत एक मिळवल्यावर शून्य येतं तिला आपण उणे एक म्हणतो. संगणकही नेमकं तेच करतो: ऋण संख्या लिहायच्या असतील तेव्हा ‘उणे एक’ तो चौसष्ट एकांनीच लिहितो. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पटाच्या प्रत्येक घराला एक अंक दिलेला असतो. घरात मोहरं असेल तर एक, नसेल तर शून्य. सगळी घरं भरलेला पट म्हणजे तिथे हीच संख्या.

तिचे शेजारी तिच्यासारखे सरळ नाहीत. दोनच पावलं पुढे असलेल्या सहाव्या फर्मा संख्येला कुठलंच शालेय सूत्र लागत नाही. तिचा २,७४,१७७ हा अवयव थॉमस क्लाउझनने १८५५ मध्ये गाउसला लिहिलेल्या पत्रात दिला होता, पण ते फार काळ कुणाच्या लक्षात आलं नाही. १८८० मध्ये फ्रान्सच्या लांद्रीने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तो स्वतंत्रपणे शोधला. दुसऱ्या बाजूला, पटावरची शेवटची तीन घरं रिकामी ठेवली तर एकसष्ट घरांची बेरीज मूळ संख्या निघते. इव्हान पेर्वुशिन या रशियातल्या खेडेगावातल्या धर्मगुरूने हे १८८३ मध्ये सिद्ध केलं.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये एदुआर ल्युकाने ‘हॅनोईचा मनोरा’ हे कोडं बाजारात आणलं. काशीच्या देवळात पुजारी सोन्याच्या चौसष्ट चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवत बसलेत, ही त्याला जोडलेली गोष्ट काशीची नव्हे, पॅरिसची आहे. पण हिशेब चोख आहे. लागणाऱ्या हालचाली बरोबर आपल्या संख्येएवढ्या. सेकंदाला एक चकती हलवली तर ५८,००० कोटींहून जास्त वर्षं लागतील, आणि विश्वाचं वय आहे १,३८० कोटी वर्षं. ल्युकाने फर्मा संख्यांवरही काम केलं होतं. ऑयलरचा ६४ चा नियम त्याने आणखी आवळून १२८ वर आणला. त्या नियमाने ६४१ पाचव्या नव्हे, दुसऱ्याच प्रयत्नात सापडतो.

पेर्वुशिनने १८७८ मध्ये तेविसाव्या फर्मा संख्येचा १६,७७,७२,१६१ हा अवयव शोधला होता. ती संख्या २५ लाख अंकी आहे आणि त्याच्याकडे कागद-लेखणीखेरीज काही नव्हतं. पण त्याला ती लिहायची गरजच नव्हती. दोनापासून सुरुवात करून तेवीस वेळा वर्ग करायचा, आणि दर वेळी १६,७७,७२,१६१ ने भागून फक्त बाकी पुढे न्यायची. पिंगळाचीच शिडी, प्रत्येक पायरीवर आटोपशीर ठेवलेली.

पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सगळ्या फर्मा संख्या संयुक्त आहेत हे आता ठाऊक आहे. विसावी आणि चोविसावी यांचा तर एकही अवयव हाती लागलेला नाही, तरी त्या मूळ नाहीत हे सिद्ध झालेलं आहे. १८७७ मध्ये पेपॅन या फ्रेंच गणितज्ञाने अशी चाचणी दिली होती, की जी अवयव न शोधता निकाल देते. तेहेतिसाव्या संख्येचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. तिच्यात २५८ कोटींहून जास्त अंक आहेत. पेपॅनच्या चाचणीने तिची परीक्षा घ्यायची, तर तेवढ्याच लांबीच्या संख्यांचे ८५८ कोटींहून जास्त वर्ग एकामागून एक करावे लागतील. आधीचा वर्ग हाती आल्याशिवाय पुढचा सुरू करता येत नाही, त्यामुळे काम अनेक संगणकांना वाटून देण्याचीही सोय नाही.